गिअरबॉक्स कोण उतरवणार?

चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढ घेत नाही आणि आत करपट वास येतो. क्लच प्लेट संपत आल्याची ही खूण. खात्री करायला मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर प्लेटमध्ये जीव आहे. चालूच राहिलं तर खर्चाची तयारी ठेवायची. मात्र आधी केबल बघावी. ती फार ताणलेली असेल तर चांगली प्लेटही घसरते.

आमचं शहर पाना धरणाऱ्यांचं. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985चा, स्कोडाचा शेंद्र्याचा 2001चा. सिडकोत बॉनेट उघडलं की सल्ला द्यायला शेजारी हजर: "घरीच टाकू की, त्यात काय!"

त्यात गिअरबॉक्स असतो. प्लेट बदलणं किरकोळ. पण तिथवर पोचायला बॅटरी काढा, गिअर ऑइल उतरवा, ड्राइव्ह शाफ्ट ओढा, इंजिनाला खालून टेकू द्या. मग तीस-चाळीस किलोचं धूड खाली घ्या. वर चढवताना तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते प्लेटच्या दात्यांत नेमके बसावे लागतात आणि तोवर सगळं वजन शाफ्टवर लोंबकळू द्यायचं नाही, नाहीतर नवी कोरी प्लेट वाकते. रॅम्प किंवा खड्डा असेल, जोडीला भक्कम माणूस असेल, तर खुशाल करावं. आमचं पार्किंग उताराचं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणं हा शुद्ध वेडेपणा.

म्हणून गाडी जालना रोडमागच्या गॅरेजात दिली आणि मी मेस्त्रीशेजारी उभा राहिलो. जुनी प्लेट निघाली ती रिव्हेटपर्यंत घासलेली. मेस्त्रीने धूळ हवेने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मग फ्लायव्हीलवरून नख फिरवलं. ते अडकलं. पृष्ठभागावर तापल्याचे निळे डागही होते. म्हणजे लेथचं काम निघालं. मागचं ऑइल सीलही ओलसर होतं.

"साहेब, सील आत्ताच टाका. नंतर गळलं तर सगळं परत खोलावं लागंल."

सील काही शे रुपयांचं, खोलायची मजुरी हजारांची. मी लगेच हो म्हटलं.