पॅकिंग निवडताना आधी मालाचा शत्रू ओळखा

माल चांगला असूनही तो ग्राहकाच्या घरी खराब होऊन पोहोचला, तर दोष व्यापाऱ्याच्याच माथी येतो. पाकीट वाईट होते असे ग्राहक म्हणत नाही, दुकानदाराने फसविले असे म्हणतो. आपले बहुतेक छोटे व्यापारी व कारागीर बांधव माल तयार करताना जिवाचे रान करतात. पॅकिंगचा विचार मात्र अगदी शेवटी, बाजारात जे स्वस्त मिळेल ते पाहून करतात. यात किती नुकसान होते आणि ते कसे टाळता येईल, हे आम्ही मोहर्लीच्या उदाहरणावरून मांडत आहोत.

मोहर्ली हे चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे महत्त्वाचे प्रवेशद्वार. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. पर्यटकांमुळे मध, चारोळी, मोहाचे पदार्थ व बांबूच्या वस्तू यांना येथे गिऱ्हाईक मिळते. पण हे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येणारे नसते. नागपूर, मुंबई किंवा हैदराबादला पोहोचल्यावर ते पाकीट उघडते. शिवाय पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते. जूनअखेर उरलेला माल हे तीन महिने जंगलाच्या दमट हवेत पडून राहतो. ज्याचे पॅकिंग कच्चे, त्याचे भांडवल येथेच बुडते.

शत्रू कोण?

पाकीट कसे दिसेल, हा प्रश्न नंतरचा. माझ्या मालाला बिघडविते कोण, हा प्रश्न पहिला. ओल, हवा, उजेड, वास, किडे आणि आदळआपट हे नेहमीचे शत्रू आहेत. प्रत्येक मालाचा शत्रू वेगळा, म्हणून सर्वांना एकच पिशवी चालत नाही.

मध हवेतील ओल ओढून घेतो. त्यात पाण्याचे प्रमाण वाढले की तो आंबतो. म्हणून मधासाठी बाटलीपेक्षा झाकण महत्त्वाचे. भरलेली बाटली रात्रभर उलटी ठेवून पाहा. सकाळी झाकणाशी चिकटपणा लागला तर ते झाकण नापास समजा. मध आम्लधर्मी असल्याने साध्या लोखंडी डब्यात साठवू नये. काच उत्तम, पण ती जड असते आणि फुटते. प्रवासी गिऱ्हाइकासाठी खाद्यपदार्थांना योग्य अशी प्लास्टिकची बरणीही चालते. आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा. बाटलीवाला माप मिलिलिटरमध्ये सांगतो आणि मध विकला जातो ग्रॅममध्ये. मध पाण्यापेक्षा सुमारे १.४ पट जड असतो, त्यामुळे २५० ग्रॅम मध सुमारे १८० मिलिलिटरमध्येच मावतो. हे न कळल्याने मोठी बाटली घेतली की ती अर्धवट रिकामी दिसते आणि ग्राहकाला संशय येतो.

चारोळीचा शत्रू ओलीपेक्षा हवा आणि उजेड. तिच्यात तेलाचे प्रमाण फार असल्याने ती खवट होते. पातळ पॉलिथिनमधून हवा हळूहळू आत जातच राहते. अशा मालाला हवा अडविणारे जाड, अनेक थरांचे पाकीट किंवा घट्ट झाकणाचा डबा हवा. किलोचे एक पाकीट करण्यापेक्षा १०० ग्रॅमची दहा करावीत. एक उघडले तरी बाकीची सुरक्षित राहतात.

मोह म्हटला की लोकांना दारूच आठवते. पण वाळलेल्या मोहफुलांपासून लाडू व इतर हलाल पदार्थही होतात. २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांवरील निर्बंध सैल केल्यापासून या व्यवसायाला वाव मिळाला आहे. मोहफुलात साखर भरपूर असल्याने ते ओल ओढून चिकट होते व त्याला बुरशी लागते. ते पूर्ण वाळवून, थंड झाल्यावरच सीलबंद करावे. कोमट माल भरला की पाकिटाच्या आतच घाम सुटतो.

बांबूच्या वस्तूंचे नेमके उलटे आहे. थोडी ओल राहिलेला बांबू प्लास्टिकमध्ये गच्च बांधला की आत बुरशी धरते. तो नीट वाळवून कागदात गुंडाळावा व खोक्यात ठेवावा. बांबूकामाच्या प्रशिक्षणासाठी चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. कारागिरांनी त्याचा लाभ घ्यावा.

हेच तत्त्व आपल्या इतर धंद्यांनाही लागू पडते. अत्तर काचेच्याच कुपीत भरावे, कारण सुगंधी तेले अनेक प्रकारच्या प्लास्टिकवर परिणाम करतात; कुपी गडद रंगाची असेल तर अधिक चांगले. नानखटाई व खारी गरम असताना पिशवीत भरू नये. बांगड्यांना ओलीची भीती नाही, धक्क्याची आहे. तेथे पैसा पाकिटाच्या छपाईवर नव्हे, आतल्या भरावावर खर्च करावा.

खोक्याचे बळ

बाहेरगावी माल पाठविताना पन्हाळी पुठ्ठ्याचे खोके वापरतात. हलक्या मालाला तीन थरांचे व जड मालाला पाच थरांचे घ्यावे. खोक्याचे बळ त्याच्या चार कोपऱ्यांत असते, म्हणून एकावर एक रचताना कोपऱ्यावर कोपरा यावा. पुठ्ठा ओल धरतो आणि अतिशय दमट हवेत त्याची वजन पेलण्याची शक्ती निम्म्यापर्यंत घटू शकते. म्हणून पावसाळ्यात खोकी थेट जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावीत. भरलेले खोके कमरेइतक्या उंचीवरून दोन-चार वेळा टाकून पाहावे. एस.टी.च्या टपावर किंवा ट्रकमध्ये त्याच्याशी याहून प्रेमाने कोणी वागणार नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार आणि तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे. मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची पातळ फिल्मही त्यात येते. कारखान्यात सीलबंद केलेले पाकीट आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या हाती देतो ती पिशवी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावे. पिशवीसाठी कापड हा उत्तम पर्याय आहे. शिंप्याकडच्या उरलेल्या कापडातून घरच्या महिलाही हे काम करू शकतात.

वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ देण्याची जुनी सवय सोडावी. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी हा वापर मना केला आहे.

पाकीटबंद मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक, घटक व किती काळ टिकेल हेही हवे. निव्वळ वजन म्हणजे बाटली किंवा पाकीट वगळून फक्त मालाचे वजन.

जंगलाचाही हक्क

फेब्रुवारी २०२४ मध्ये ताडोबाच्या निमढेला भागातील एक चित्रफीत देशभर पाहिली गेली. एक वाघ पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून बाहेर नेत होता. ज्या जंगलाच्या नावावर आपला माल विकला जातो, त्यातच आपल्या मालाचे पाकीट पडावे, हे धंद्यालाही शोभत नाही. जेथे कागद, कापड, काच किंवा बांबू चालतो तेथे प्लास्टिक टाळावे. चारोळीसारख्या मालाला ते अटळ असेल, तर रिकामे पाकीट परत आणणाऱ्यास दोन-पाच रुपये द्यावेत.

पाकीट आणि अमानत

धान्याच्या त्या ढिगाची हदीस आपल्याला ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा त्यांनी केली आणि फसविणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले. दिव्य कुरआनातील ८३ वी सूरह तर मापात मारणाऱ्यांच्याच नावाने आहे.

आजचा ढीग पाकिटात बंद असतो. पारदर्शक खिडकीपाशी अख्खी चारोळी आणि मागे तुकडा, खोके मोठे आणि माल थोडा, रंगीत चित्र एक आणि आतील वस्तू दुसरी. हे सर्व ओले धान्य खाली दडविण्याचेच प्रकार होत. मध थंडीत गोठतो, त्यात भेसळ नसते. पण गिऱ्हाइकाला ते ठाऊक नसते. तेवढी एक ओळ चिठ्ठीवर छापली तर गैरसमज टळतो.

सुरुवात कशी करावी?

पहिल्याच वेळी दहा हजार छापील पाकिटे घेऊन भांडवल अडकवू नये. साधी, चांगल्या प्रतीची पाकिटे घेऊन त्यावर छापील चिठ्ठी चिकटवावी. दोन-तीन प्रकारांत तोच माल भरून घरातच ठेवावा आणि दर आठवड्याला एकेक उघडून वास, चव व वजन तपासावे. पाकिटाचा खर्च आणि खराब होऊन परत येणारा माल, दोन्ही एकाच वहीत मांडावेत. आठ आणे वाचविणारी पिशवी किती रुपयांना पडते, ते त्या वहीतच दिसेल. मोठा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईत १९६६ पासून भारतीय पॅकेजिंग संस्था कार्यरत आहे. तेथे पॅकिंगच्या मालाची तपासणी व प्रशिक्षण होते.

हा हंगाम संपण्यापूर्वी प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या दुकानातील एक पाकीट गिऱ्हाईक म्हणून स्वतः उघडून पाहावे. जे आपण समाधानाने विकत घेऊ, तेच दुसऱ्याला द्यावे. अशा व्यापारात इन्शाअल्लाह बरकत राहील.