फिरकीचा विसरलेला शोधक

दिंद्रुडहून एका वाचकाने विचारले आहे: तरुण मंडळाच्या खोलीत दोन बाकांवर प्लायवूड टाकून, मध्ये विटांवर आडवी फळी ठेवून आम्ही टेबल टेनिस खेळतो. बॅट खालून वर घासली की चेंडू टेबलाबाहेर जाणार असे वाटत असतानाच झपकन खाली उतरतो. क्रिकेटच्या चेंडूला कितीही फिरकी दिली तरी तो हवेत असा वळत नाही. असे का?

उत्तराची सुरुवात वजनापासून करावी लागते. टेबल टेनिसचा चेंडू 40 मिलिमीटर व्यासाचा आणि अवघा 2.7 ग्रॅमचा. क्रिकेटचा चेंडू त्याच्या सुमारे 60 पट जड. पण हवेला अडवणारा त्याचा पसारा फार तर सव्वातीन पट. वेग आणि फिरकी सारखी धरली, तर हवेचा जोर या हलक्या चेंडूला जवळपास 18 पट जास्त जाणवतो. शांत हवेत तो कितीही उंचावरून सोडा, ताशी साधारण 30 किलोमीटरच्या पुढे त्याचा वेग जातच नाही, इतका तो हवेच्या ताब्यात असतो.

फिरकी द्यायची तर बॅटने चेंडू धरून ठेवला पाहिजे. याचा धडा जगाला मुंबईत मिळाला. 1952 साली जागतिक टेबल टेनिस स्पर्धा प्रथमच आशियात, मुंबईत झाली. तिथे जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. टक्कन आवाज नाही. फटका किती जोरात बसला हे आवाजावरून ओळखणारे युरोपचे कसलेले खेळाडू गोंधळले. चेंडू स्पंजात क्षणभर रुततो आणि बंदुकीतून सुटल्यासारखा निघतो. सातो जगज्जेता झाला. पुढे स्पंजावर रबर चढले आणि घासून फिरकी देण्याचे तंत्र वाढत गेले. आपल्या मुंबईत खेळाने एवढे मोठे वळण घेतले, ते मराठी मुलांना सांगितले गेले पाहिजे.

आता चेंडू खाली का उतरतो? बॅट खालून वर घासून मिळणारी फिरकी म्हणजे टॉपस्पिन. ती मिळालेल्या चेंडूचा वरचा भाग समोरून येणाऱ्या हवेच्या विरुद्ध फिरतो, खालचा तिच्याच दिशेने. त्यामुळे वरची हवा चेंडूपासून लवकर सुटते; खालची मात्र त्याला चिकटून मागच्या बाजूने वर वळते. चेंडूने हवा वर ढकलली, म्हणजे हवेने चेंडू खाली ढकलला. न्यूटनचा तिसरा नियम, दुसरे काही नाही.

पुस्तकांत याला मॅग्नस परिणाम म्हणतात. जर्मनीच्या मॅग्नसने 1852 मध्ये यावर प्रयोग केले हे खरे. पण त्याच्या शंभर वर्षे आधी बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने हे दाखवून दिले होते. त्याने बंदुकीच्या नळीचे तोंड मुद्दाम डावीकडे वाकवले. गोळी नळीच्या उजव्या कडेला घासत, फिरकी घेत बाहेर पडेल. म्हणजे आधी डावीकडे जाऊन मग उजवीकडे वळेल, असे त्याचे भाकीत होते. वाटेत पातळ कागदाचे पडदे उभे केले आणि गोळी झाडली. कागदांवरच्या भोकांनी त्याचे म्हणणे खरे ठरवले. मला विज्ञानाच्या इतिहासात याहून देखणे प्रयोग फार थोडे माहीत आहेत.

मग त्याचे नाव मागे का पडले? 1745 मध्ये थोर गणितज्ञ ऑयलरने रॉबिन्सचे तोफशास्त्रावरचे पुस्तक टिपांसह जर्मन भाषेत आणले आणि गोळी वळते ती तिच्या ओबडधोबडपणामुळे, असा निर्वाळा दिला. ऑयलरचा दबदबाच असा होता की वाकड्या नळीचा पुरावा झाकला गेला. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे किल्ले दुरुस्त करायला भारतात आला आणि 1751 मध्ये आजच्या तमिळनाडूतल्या फोर्ट सेंट डेव्हिड इथे वारला. या परिणामाला त्याचेच नाव हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिंद्रुडच्या मंडळाने महागड्या टेबलाची वाट पाहू नये. खेळाच्या नियमांतच म्हटले आहे की टेबल कुठल्याही पदार्थाचे चालेल. 30 सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू सगळीकडे सारखा, सुमारे 23 सेंटिमीटर उसळला पाहिजे. पट्टी उभी धरा आणि प्लायवूड तपासा; जिथे चेंडू मरतो तिथे खाली आधार कमी आहे, एवढेच. आणि रॉबिन्सचा दुसरा प्रयोगही करून पाहा. चेंडूला दोन पदरी दोरा चिकटवून तो टांगा, दोऱ्याला भरपूर पीळ द्या आणि चेंडू बाजूला ओढून झोक्यासारखा सोडा. पीळ सुटत असताना तो सरळ रेषा सोडून बाजूला सरकेल. पीळ उलटा दिला की दुसऱ्या बाजूला. पंखा तेवढा बंद ठेवा.