ग्रामीण रुग्णालयातील संसर्गरोग प्रयोगशाळा (भंडारा जिल्हा)

हिवताप, क्षय, हत्तीरोग इ. संसर्गजन्य रोगांचे जंतू रक्त, थुंकी यांसारख्या नमुन्यांत शोधण्यासाठी रुग्णालयातच उभारलेली लहान प्रयोगशाळा. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेचे खोरे, असंख्य तलाव व भातशेती यांमुळे डासांना भरपूर वाव मिळतो. फाल्सिपेरम हिवताप एकदोन दिवसांतही प्राणघातक ठरू शकतो. नमुना दूर पाठवून उत्तराची वाट पाहण्यास तेथे सवड नसते.

उभारणीचा आरंभ यंत्रांपासून नव्हे, तर पाणी, वीज व कचरा यांपासून करावा लागतो. अभिरंजनाच्या पाण्याची अम्लता योग्य नसल्यास हिवतापाचे परजीवी नीट रंगत नाहीत. थुंकीचा नमुना रुग्णाने शक्यतो उघड्या हवेत द्यावा. वापरलेले साहित्य दाबपात्रात १२१° से. तापमानास निर्जंतुक करावे. तेलभिंग असलेला द्विनेत्री सूक्ष्मदर्शक हे मुख्य उपकरण होय. पावसाळ्यात त्याच्या भिंगांवर बुरशी चढते, म्हणून तो सिलिका जेल ठेवलेल्या पेटीत किंवा आत बल्ब पेटता ठेवलेल्या कपाटात ठेवतात. या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने चांगली उपकरणेही निकामी होतात.

पूर्व विदर्भात हत्तीरोग फार पूर्वीपासून आढळतो. त्याचे डिंभ (मायक्रोफायलेरिया) रक्तात असल्याचे टी. आर्. लूइस यांनी १८७२ मध्ये कलकत्त्यात दाखविले. ते रात्रीच परिघीय रक्तात उतरतात, हे पुढे पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये सिद्ध केले. त्यामुळे दिवसा घेतलेला नमुना बहुधा निरुपयोगी ठरतो आणि रात्री दहा ते दोनच्या दरम्यान कर्मचाऱ्यांना दारोदार जाऊन झोपलेल्यांना उठवावे लागते. बोटातून सु. २० घ. मिमी. रक्त घेऊन काचपट्टीवर जाड लेप करतात, तो वाळल्यावर पाण्याने रक्तारुण घालवितात व जसवंतसिंग-भट्टाचारजी यांच्या रंजकाने रंगवितात. पाय सुजलेल्या जुन्या रुग्णाच्या रक्तात डिंभ पुष्कळदा नसतात. उलट धडधाकट दिसणारा मनुष्य त्यांचा वाहक असतो. देशात २००४ पासून सार्वत्रिक औषधोपचाराची मोहीम राबविण्यात आली. तिचे यश रक्तात डिंभ असणाऱ्यांचे प्रमाण १ टक्क्याखाली आले की नाही, यावरून जोखतात. म्हणून रात्रपाहणीत कुचराई झाली, तर मोहिमेचे मोजमापच चुकते. प्रतिजन ओळखणाऱ्या पट्टीची चाचणी मात्र दिवसाही करता येते. जवळच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथील जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात हत्तीरोगाच्या प्रतिरक्षानिदानावर बी. सी. हरिनाथ व सहकाऱ्यांनी दीर्घकाळ काम केले.

क्षयासाठी झील-नील्सन अभिरंजन स्वस्त आहे, पण मिलि. थुंकीत सु. ५,००० ते १०,००० जंतू असल्याखेरीज ते सहसा दिसत नाहीत. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे विजेरीवर चालणारे यंत्र जंतूंचे जननद्रव्य शोधते व रिफॅम्पिसिनरोधही ओळखते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्यास मान्यता दिली. वीज वारंवार खंडित होणाऱ्या गावी, तसेच आफ्रिकेतील ग्रामीण रुग्णालयांतही, अशा यंत्राचे मोल मोठे आहे.

पूर्व विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसचा उद्रेक झाला. त्याचे जंतू साध्या रक्तलेपात दिसत नाहीत व हिवतापाच्या औषधाने तो बरा होत नाही. डॉक्सिसायक्लीन वेळेवर दिल्यास बहुधा होतो. त्यासाठी प्रतिपिंडांची एलायझा चाचणी लागते. ती एकेका नमुन्यासाठी परवडत नसल्याने लहान रुग्णालयाने रक्तद्रव वेगळा करून शीतपेटीतून मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठविणे व अहवालापूर्वीच उपचार सुरू करणे श्रेयस्कर असते.