मूठभर तांदूळ ते टॅबलेट

गोमंतकातील मराठी शाळांचा जमाखर्च रुपयांत मांडला जाऊ लागण्यापूर्वी काही काळ तो तांदळांत मांडला जात असे. १९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्था स्थापन झाली. घरोघरच्या मूठभर तांदळांतून शाळा चालवावी ही त्यामागील कल्पना संस्थेच्या नावातच उतरली आहे. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदू समाजावरील बंधने सैल झाली आणि पुढच्याच वर्षी फोंड्यास गोवा विद्याप्रसारक मंडळ उभे राहिले. पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेलेले, सावंतवाडीला लागून असलेले. तेथे देवळाचा सभामंडप किंवा एखाद्या भाटकाराची ओसरी हीच शाळा असे. मास्तर पुष्कळदा घाटावरून वा वाडीकडून आलेले, आणि त्यांच्या जेवणाची व्यवस्था गावाने वाटून घेतलेली. सरकारी अनुदान नव्हते. म्हणून अनुदानाचे नियमही नव्हते!

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा उघडण्याचा जो सपाटा लावला, तो आजही जुन्या पिढीच्या तोंडी आहे. इमारत नसेल तेथे भाड्याची जागा, शिक्षक नसतील तेथे महाराष्ट्रातून आणलेले शिक्षक, परंतु शाळा मात्र मुलाच्या पावलांनी गाठता येईल अशा अंतरावर. प्रशासनाच्या दृष्टीने हा विचार अगदी साधा होता: आधी अंतर पाहावे, मग डोकी मोजावीत. आमच्या मते पुढील सर्व गोंधळ हा क्रम उलटल्यामुळे झाला.

तो कसा उलटला हे समजण्यासाठी व्यवस्थेकडे थोडे पाहिले पाहिजे. १९८४ चा शालेय शिक्षण कायदा आणि त्याखालील १९८६ चे नियम यांवर गोव्यातील शाळांचा कारभार चालतो. वर पर्वरीचे शिक्षण संचालनालय, तालुक्याला भागशिक्षणाधिकारी. पहिली ते चौथीच्या गावशाळा बहुतांशी सरकारच्या. पाचवीपासूनची विद्यालये बहुतांशी खासगी संस्थांची, ज्यांच्या शिक्षकांचे वेतन सरकारी तिजोरीतून येते. १९९० मध्ये, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, अनुदान केवळ मराठी वा कोकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच मिळेल असे ठरले. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदानाचे दार उघडण्यात आले, आणि २०१२ नंतरच्या सरकारने अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांसाठी ते उघडेच ठेवले. त्यावरून झालेली आंदोलने वाचकांच्या स्मरणात असतील. त्यांची उजळणी येथे करीत नाही.

मात्र एक गोष्ट त्या गदारोळात झाकली गेली. पेडणे-डिचोलीच्या गावांतील सरकारी मराठी शाळा केवळ इंग्रजीमुळे रिकामी झालेली नाही. शेजारच्या अनुदानित संस्थेची शाळाही मराठीच असते, पण तिच्या दारात बालरथ उभा असतो. ही बसयोजना अनुदानित शाळांसाठी आली आणि मुलांची पायपीट वाचली हे खरेच. त्याबरोबर वाडीवरचे सहा वर्षांचे मूलही मोठ्या भावंडाचा हात धरून त्याच बसमध्ये चढले. नियम करणाऱ्याच्या मनात हे नसावे. तथापि गावशाळेच्या पटावर त्याचा परिणाम व्हायचा तो झालाच.

यंत्रांचेही तसेच. प्रथम अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक देण्याची योजना निघाली, २०१२ नंतर पाचवी-सहावीच्या मुलांसाठी टॅबलेट आले. म्हणजे खर्चाचा ओघ पाचवीपासून सुरू होतो. अक्षरओळख जेथे व्हायची त्या चार इयत्ता कोरड्याच. पुढे मार्च २०२० मध्ये महामारीने शाळा मिटल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले, तेव्हा अंतर्भागातील मुले ‘रेंज’ शोधीत डोंगरमाथ्यावर बसलेली गोव्याने पाहिली. टॅबलेट वाईट नव्हे. परंतु पाटीवर हात धरून अक्षर गिरवून घेणारी बाई त्याच्यात सापडत नाही, एवढे म्हणण्यास तंत्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही.

पट घटला की शाळा एकशिक्षकी होते. तोच शिक्षक शिकवतो, माध्यान्ह आहाराची नोंद ठेवतो, भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकीस जातो. त्या दिवशी वर्ग कोणी घ्यावा? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक सांगितले आहेत. पट दहावर आला की दुसरा शिक्षक मागणे व्यवहारात अवघड होते, आणि मग विलीनीकरणाचा विषय निघतो. नकाशावर दोन शाळांतील अंतर थोडेच दिसते. पण डिचोलीच्या खाणपट्ट्यात, जेथे २०१२ पासून थांबत-अडखळत चाललेले खाणकाम २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले, त्या थोड्या अंतरात खनिजाच्या ट्रकांचा रस्ता येतो. पेडण्यात मोप विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटित झाल्यापासून रस्त्यांवरील वर्दळीचे स्वरूपच पालटले आहे. लहान मुलाच्या दृष्टीने अंतर म्हणजे वाटेत ओलांडावे लागणारे रस्ते आणि ओहोळ. आषाढात तर विशेषच.

या साऱ्यात गावाच्या हाती काहीच नाही असे अनेकांना वाटते, आणि ते बरोबर नाही. त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात असे बंधन आहे. कलम २२ प्रमाणे ही समिती शाळेचा विकास आराखडा करते आणि सरकारने द्यावयाच्या अनुदानाचा आधार हा आराखडा असावा, असे कायदा स्पष्ट सांगतो. पुष्कळ ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरली आहे. दुसरा शिक्षक का हवा, वाटेत ट्रकांचा रस्ता कोठे येतो, बालरथाची फेरी गावशाळेपर्यंत का यावी, हे त्या आराखड्यात पालकांना मराठीत लिहिता येते. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी तो तयार करावा, भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात नेऊन द्यावा आणि न विसरता त्याची पोच घ्यावी.