हेतुपूर्वक निकृष्ट निवड : एका संगणकखेळाचा विचार

भाषेचा नियम शोधताना अभ्यासक कित्येकदा मुद्दाम सदोष वाक्य रचतो. ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘राम आंबा खातो’ ही वाक्ये मराठी भाषकास निर्दोष वाटतात. परंतु ‘रामाने आंबा खातो’ हे वाक्य कानी पडताच तो ते नाकारतो. अशा वाक्याआधी तारकाचिन्ह देण्याची प्रथा आहे. कर्त्यास लागणारा ‘ने’ हा प्रत्यय आणि क्रियापदाचा काळ यांचा संबंध या एका त्याज्य वाक्याने चटकन ध्यानात येतो.

संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांत याच जातीचा एक प्रयोग आढळतो. काही खेळाडू प्रत्येक वळणावर जाणूनबुजून सर्वांत वाईट पर्याय निवडतात. कॅनडातील बायोवेअर या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला ‘मास इफेक्ट २’ हा विज्ञानकथात्मक खेळ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यात खेळाडू शेपर्ड नामक सेनाधिकाऱ्याची भूमिका घेतो. मानवी वसाहती ओस पाडणाऱ्या शत्रूच्या तळावर सहकाऱ्यांसह स्वारी करावी, असे त्याचे कार्य असते.

येथे एक भेद प्रथमच स्पष्ट केला पाहिजे. या खेळात संवादांचे सौम्य व उद्दाम असे दोन मार्ग आहेत. परंतु उद्दाम मार्ग म्हणजे निकृष्ट मार्ग नव्हे. उर्मटपणे बोलणारा शेपर्डही विजयी होऊ शकतो. निकृष्टता बोलण्याच्या रीतीत नसून तयारीच्या व योजनेच्या अभावात आहे. जहाजाचे चिलखत, संरक्षक आवरण आणि तोफ यांतील जी सुधारणा टाळावी, तिच्यापायी तळ गाठण्यापूर्वीच एकेक सहकारी मरतो. सहकाऱ्यांच्या खाजगी अडचणींकडे दुर्लक्ष केल्यास त्यांची निष्ठा लाभत नाही. नळमार्गातून तंत्रज्ञाऐवजी भलत्यालाच धाडल्यास तो प्राणास मुकतो. अखेरीस दोन सहकारीही जिवंत न उरल्यास परतणाऱ्या शेपर्डला हात देऊन जहाजात ओढून घेणारा कोणी नसतो, आणि तोही खाली कोसळतो.

हा सर्वनाश निष्काळजीपणाने सहसा घडून येत नाही. बेफिकीर खेळाडूचेही काही सहकारी वाचतात व त्याला वाचवितात. सर्वांचा मृत्यू घडविण्यासाठी कोणती निवड कोणास तारते हे नेमके ठाऊक असावे लागते. अज्ञानातून झालेली चूक आणि ज्ञानपूर्वक केलेली चूक यांतील अंतर ते हेच. तारकांकित वाक्यही भाषा जाणणाराच हेतुपूर्वक रचू शकतो. ती नुकतीच शिकू लागलेल्याच्या हातून ते केवळ नकळत घडते.

मात्र हे साम्य एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. सदोष वाक्य भाषेच्या बाहेर पडते. शेपर्डचा मृत्यू मात्र कर्त्यांनी स्वतः लिहिलेला, खेळाच्या आतील शेवट आहे. त्याज्यता दिसते ती पुढील पायरीवर. २०१२ च्या ‘मास इफेक्ट ३’ मध्ये मागील भागातील निवडी पुढे नेता येतात. परंतु शेपर्ड मृत झालेली नोंद तेथे स्वीकारलीच जात नाही. एखादे वाक्य स्वतःपुरते शुद्ध असून त्याला पुढचे वाक्य जोडता येऊ नये, तसा हा प्रकार होय.

यावरून निकृष्ट निवडीचे खरे कार्य कळते. भाषेत शब्दाचे मूल्य त्याच्या जागी येऊ शकणाऱ्या इतर शब्दांवरून ठरते. त्याचप्रमाणे सहकाऱ्यास वाचविण्याचे मूल्य तो खरोखर मरू शकतो यावरून ठरते. जेथे वाईट पर्याय निवडूनही काही बिघडत नाही, तेथे चांगल्या पर्यायास निवड हे नाव देता येत नाही. सर्व काही गमावणारा खेळाडू हीच गोष्ट तपासून पाहतो.