ज्वारीची भाकरी महाग का झाली?

दादी-नानीच्या काळात मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत रोजची भाकरी ज्वारीची असायची. गव्हाची चपाती व्हायची ती ईदला, नाहीतर पाहुणे आले की. आज उलटं झालंय. चपाती रोजची झाली आणि दुकानात ज्वारी बऱ्याचदा गव्हापेक्षा महाग मिळते. गरिबाचं धान्य महाग कसं झालं? उत्तरासाठी आपल्याला ताट आणि शेत, दोन्हीकडे पाहावं लागेल.

आधी ताट बदललं. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलो झाला. जानेवारी 2023 पासून तर तो मोफत आहे. साहजिकच ज्वारी मागे पडली.

मग शेत बदललं. खरीप ज्वारीचं कणीस पावसात सापडलं की दाणा काळा पडतो. पाखरं राखावी लागतात, काढणीला मजूर मिळत नाहीत. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघतं, मळणी यंत्रावर होते आणि त्याच रानात पुढे हरभरा घेता येतो. म्हणून शेतकरी सोयाबीनकडे वळला. यात त्याची चूक नाही. पण तोही सुखी नाही: 2024 मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना बाजारात अनेकांना त्याहून कमी पैसे मिळाले.

हे सोयाबीन जातं कुठे? 100 किलोतून सुमारे 18 किलो तेल निघतं. उरते ती पेंड, आणि तिचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्यात जातो. आपल्याकडे चिकन आता आठवड्याचं झालंय, दावतीत तर हवंच. म्हणजे कधीकाळी भाकरी देणारं रान आज कोंबडीचं खाद्य पिकवतं. मका आणि पेंड महागली की चिकनही महागतं.

ज्वारी गेली तसा कडबाही गेला. जनावरांना विकतचा चारा घालावा लागला, की दुधाचा खर्च वाढतो.

मग आपण काय करायचं? रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. त्या वेळी गावाकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी भरून ठेवता येते. आठवड्यातून दोन-तीन दिवस भाकरी करू. दावतीत ताटात तेवढंच वाढू, जेवढं खाल्लं जाईल. खात्रीचं गिऱ्हाईक दिसलं, तरच शेतकरी पुन्हा ज्वारी पेरेल.