घरपोच औषध: दारातच पारखून घ्या

मेडिकलच्या काउंटरवर औषध घेताना त्यावरून चार डोळे फिरतात: दोन केमिस्टचे, दोन आपले. घरपोच मागवलं की पार्सल वॉचमनच्या टेबलावर येऊन पडतं, संध्याकाळी आपण ते उचलतो आणि सरळ औषधाच्या डब्यात टाकतो. नियम दोन्हीकडे तेच, पण दाराशी बघणारं कुणी उरत नाही. त्यात हे गैरसमज भर घालतात.

गैरसमज: ॲपवरून मागवलं की चिठ्ठी लागत नाही.

वस्तुस्थिती: विक्री काउंटरवर होवो की फोनवर, १९४० चा औषध कायदा लागू असतोच. शेड्यूल ‘एच’मधलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, केंद्राने परवानाधारक दुकानांना घरपोच औषधं द्यायची मुभा दिली, तीही चिठ्ठीच्या अटीवर. ‘एच१’ आणि ‘एक्स’ या कडक याद्यांमधली औषधं तर त्यातून वगळलेलीच होती. ‘एच१’मध्ये काही प्रतिजैविकं आणि क्षयरोगावरची औषधं येतात, त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद दुकानाला तीन वर्षं जपावी लागते. अशी औषधं कुणी काही न विचारता पाठवत असेल, तर ती सोय समजू नका, तिथून औषध घेणंच थांबवा.

गैरसमज: इन्सुलिनचं पार्सल बर्फासारखं गार लागलं, म्हणजे काळजी नाही.

वस्तुस्थिती: न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. उन्हाने ते बिघडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोठल्यानेही निकामी होतं, हे फार थोड्यांना. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला पूर्वीसारखं असू शकतं, पण त्याच्या गुणाचा भरवसा उरत नाही. म्हणून खोका उघडल्यावर पहिल्यांदा बर्फाची पिशवी कुठे आहे ते बघा. ती पेनाला किंवा बाटलीला थेट चिकटलेली नको, मध्ये पुठ्ठा किंवा फोम हवा. पिशवीचं कोमट पाणी झालं असेल तरीही पार्सल परत करा. मे महिन्यात नागपूरसारख्या गावात दुपारची वेळ घेऊच नका. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत फार काळ काही गार राहत नाही. आणि घरी आल्यावर इन्सुलिन फ्रीझरला लागून ठेवू नका.

गैरसमज: कंपनी वेगळी आली तरी काय बिघडलं, ‘सॉल्ट’ तेच आहे ना!

वस्तुस्थिती: चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल, तर शेड्यूल ‘एच’मधल्या औषधाऐवजी दुसरं औषध, अगदी त्याच घटकाचं असलं तरी, दुकानाने परस्पर द्यायचं नाही. जेनेरिक औषधात वाईट काही नाही, पैसेही वाचतात; फक्त बदल डॉक्टरांना विचारून व्हावा. थायरॉइड आणि फिट्सच्या औषधांत तर आवर्जून.

गैरसमज: एक्स्पायरी ‘जून’ लिहिली, म्हणजे १ जूनपासून औषध बाद.

वस्तुस्थिती: त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते चालतं. खरी अडचण कापलेल्या पाकिटाची. दहातल्या चार गोळ्या येतात, आणि तारीख उरलेल्या सहांबरोबर दुकानातच राहते. तारीख नि बॅच क्रमांक नसलेला तुकडा घेऊ नका.

गैरसमज: क्यूआर कोड नाही, म्हणजे औषध बनावट.

वस्तुस्थिती: १ ऑगस्ट २०२३ पासून हे बंधन आलं ते ठरावीक ३०० ब्रँडना. बाकीच्यांवर कोड नसला तर घाबरायचं कारण नाही. सगळ्या औषधांना चालणारी साधी तपासणी वेगळीच: पाकिटावरचा बॅच क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. बिलावर दुकानाचा परवाना क्रमांकही हवा.

पार्सल आलं की ते त्याच वेळी उघडा. चिठ्ठी, पाकीट आणि बिल शेजारी ठेवून बघा. काही जुळलं नाही, तर गोळी तोंडात टाकण्याआधी दुकानातल्या फार्मासिस्टला फोन करा आणि त्याने टोलवाटोलवी केली, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. त्यासाठी बिल औषध संपेपर्यंत जपून ठेवा. एवढ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.